वळिवाआधी काठ गाठा
प्रश्न : मे महिन्यात सहकुटुंब तापोळ्याला जातोय. शिवसागरात दिवसभर बोटिंगचा बेत आहे. वळिवाची भीती कितपत?

उत्तर : दिवसभर नको, सकाळीच उरका. वळिवाचे ढग उन्हाच्या तापाने वाढतात, म्हणून बहुधा दुपारनंतरच कोसळतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उंच चढून माथ्यावर पसरू लागला की परत फिरा. थेंबांची वाट पाहू नका. पावसाआधी ढगाखालून गार वारा सुटतो आणि डोंगरांमधल्या त्या लांबट जलाशयात बघता बघता लाटा उठतात. गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. तो थांबल्यावरही ३० मिनिटे काठावरच थांबा. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप जरूर घ्या, पण नावाडी ‘चला’ म्हणाला तर हुज्जत नको. आणि लाइफ जॅकेट बंद आवळून घातलेले हवे, मांडीवर घेतलेले नव्हे!