चाळीस वह्या, एकच निबंध

चि. मुक्तास,


परवा बार्शीच्या एसटीत तुझ्या नववीतल्या एका मुलाचे वडील शेजारी बसले होते. मी तुझा मामा हे कळल्यावर त्यांनी तुझं तोंडभरून कौतुक केलं. 'मॅडम निबंध फळ्यावर लिहूनच देतात, पोरगं घडाघडा म्हणतं.' पिशवीतून त्यांनी वहीही काढली. 'माय फेवरेट टीचर'. मी विचारलं, हे मिस्टर पाटील कोण? म्हणाले, 'कुणी नाही, निबंधातले आहेत. सगळ्या वर्गाचे तेच.'

मुक्ता, त्या रात्री मला झोप आली नाही. चाळीस पोरं, आणि आवडता शिक्षक कुठेच नसलेला!

निकाल दाखवावा लागतो, पोर्शन संपवावा लागतो, हे मला समजतं. पण आमच्या इंग्रजीच्या सरांची गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलीस, आणि तरी फळ्यावर आयता निबंध? वर्ड्स्वर्थची डॅफोडिल्सची कविता आली तेव्हा सर म्हणाले, 'हे फूल मीही पाहिलेलं नाही,' आणि अख्खा वर्ग शाळेमागच्या करडईच्या रानात नेला. पिवळंजर्द रान, पोटऱ्यांना काटे टोचताहेत. 'दिसतंय ते इंग्रजीत सांगा, मोडकंतोडकं चालेल.' मी कसंबसं एक वाक्य बोललो. चारचौघांत तेवढं मी मराठीतही कधी बोललो नव्हतो. कवीने ती फुलं १८०२ साली बहिणीबरोबर फिरताना पाहिली, कविता लिहिली दोनेक वर्षांनी, हेही त्यांनी तिथंच बांधावर सांगितलं. म्हणून ते आमच्याकडून लगेच काही लिहून मागत नसत. तू आयतं लिहून देतेस तेव्हा मुलांची ती दोन वर्षंच काढून घेतेस.

सर चुकीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारत. आम्ही दुरुस्त केलं की स्वतःच ती खोडून टाकत. असल्या माणसाला मी भ्यालो! नोकरी लागल्यावर त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि चुका राहिल्या असतील म्हणून टाकलंच नाही. व्याकरण पक्कं करू, मग टाकू, असं म्हणत चार वर्षं गेली. मग सर गेल्याचंच कळलं. ते पत्र अजून तुझ्या आजीच्या ट्रंकेत आहे. मिस्टर पाटलांचा निबंध वाचताना मला तेच आठवत होतं. त्या पोराला खऱ्या माणसावर चार वाक्यं लिहू दे गं, चुकली तरी चुकू देत. कदाचित तुझ्यावरच लिहील.

फार बोललो. पहाटेची गाडी, परतल्यावर वह्यांचा ढीग, डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं, सगळं मामीने सांगितलंय. जेवण तरी वेळेवर होतं का?

सहावीत असताना तू मला कार्ड पाठवलं होतंस, 'मामा, आय अ‍ॅम व्हेरी मिसिंग यू.' तुझी आई ते दुरुस्त करायला निघाली होती, मी हात लावू दिला नाही. अजून कपाटात आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते ना, दुपारच्या गाडीने ये. करडई फुललीय. मामीने हुरड्याची कणसं राखून ठेवलीत. मी स्टँडवर उभा राहीन.

तुझा,
मामा