बंबात बसणारा क्षार

आमच्या वस्तीवर बोअरचे पाणी आहे. दिसायला स्वच्छ, पण जड. साबणाला फेस येत नाही अन् डाळ लवकर शिजत नाही. पाणी जमिनीतल्या खडकांतून झिरपते, तेव्हा कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळतात. पाणी तापवले की त्यातला काही क्षार पांढरा थर होऊन बंबाला आतून चिकटतो. हौदाच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो, तोसुद्धा क्षारच. तिथे पाणी सुकते आणि क्षार मागे राहतो.

हा थर उष्णता अडवतो, म्हणून सरपण जास्त जळते. आमचे सरपण आई अन् ताई डोक्यावरून आणतात. त्यामुळे थर काढलाच पाहिजे.

काही जण तो ठोकून काढतात. मला ते पटत नाही, तांब्याला पोचे पडतात. आजी गार बंबात चिंचेचे पाणी घालते. आंबटाने क्षार विरघळतो. (क्षाराच्या खपलीवर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतात!) मग काठीला काथ्या बांधून घासायचे, कारण आत हात पुरत नाही. जाड थर एका वेळेस निघत नाही. ते पाणी पिऊ नये, त्यात तांबे उतरते.

दर आठवड्याला बंब धुतला तर थर पातळच राहतो. कोमट पाणी पुरत असेल तर उकळू नये. पावसाचे पाणी खडकातून आलेले नसते, म्हणून ते मऊ असते. पावसाळ्यात आम्ही पत्र्याखाली पिंप ठेवतो आणि तेच बंबात ओततो. तुरटीने गढूळपणा जातो, हा क्षार जात नाही.