कलम ३४ मध्ये माझी मुलगी नाही

सानगडीत सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेली मुलगी वाढवताना समजलेल्या या गोष्टी. आमच्यासारख्या घरांसाठी लिहितोय.

१. दिसत नाही ते अपंगत्वही खरंच असतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका बांधीतल्या गार पाण्यात दिवसभर वाकून असतात. माझी मुलगी त्यात थोडा वेळ जरी उभी राहिली, तरी रात्री तिचे गुडघे आणि पाठ इतकी ठणकते की कूस बदलता येत नाही. दोन दिवसांनी ती अंगणात दिसली की शेजारीण म्हणते, "पोरगी तं धडधाकट आहे, कामाचाच कंटाळा दिसते." पूर्व विदर्भात गावोगावी हा आजार आहे, तरी १९९५ च्या अपंग कायद्यात त्याचं नाव नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले. तेव्हा सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आले.

२. विनवणी करू नका, अर्ज द्या. सिकलसेलच्या मुलाला सारखं पाणी प्यावं लागतं, म्हणजे लघवीलाही वरचेवर जावं लागतं. वर्गात माझ्या मुलीला याची मनाई झाली. "एकीला सोडलं तर सगळ्या मागतील," असं उत्तर मिळालं. मी २०१६ च्या याच कायद्यातल्या कलम १६ चा उल्लेख करून लेखी अर्ज दिला. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं हे शाळेचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं. बाकावर पाण्याची बाटली आली. अर्जाची पोच मात्र घ्याच.

३. टक्केवारीला घाबरू नका. आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्व लागतं, हे खरं. पण गरजेनुसार सोय मिळायला ती अट नाही. विकास कुमार या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना हेच सांगितलं.

४. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. किती जमला, कुठे गेला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. वस्तू वाटून फोटो काढले म्हणजे हिशेब दिला असं होत नाही.

५. कायदाही अपुरा असतो, तेव्हा तो बदलून मागायचा. उच्च शिक्षणात दिव्यांगांना पाच टक्के जागा आहेत आणि त्यात सिकलसेलची मुलं बसतात. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे. त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकताना दिव्यांग आणि नोकरी मागताना नाही! मला याचा मनापासून राग येतो, कारण ज्या शरीराला रोवणी, वीटभट्टी झेपत नाही, त्यालाच बसून करायच्या नोकरीची जास्त गरज असते. ही दुरुस्ती संसदेतच होऊ शकते. मुलगी आता मतदार आहे. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला कलम ३४ बद्दल ती स्वतः विचारणार आहे.