मेंदूतील एचआयव्ही : एका अक्षराचा फरक

एड्सचा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती खच्ची करतो, हे आता सर्वश्रुत आहे. तो मेंदूतही शिरतो व उपचारांअभावी रुग्णाची स्मृती, एकाग्रता आणि हातापायांची चपळता हिरावून घेतो, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. न्यूयॉर्कमधील वैद्यकतज्ज्ञांनी १९८६ मध्ये या स्मृतिभ्रंशाचे सविस्तर वर्णन केले. घरची माणसे त्याला पुष्कळदा आळस किंवा हट्ट समजतात.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने कडक पहारा ठेवला आहे. रक्तातील काही पांढऱ्या पेशींना मात्र तेथून जाण्याची मुभा असते. त्यांच्या पोटात बसून विषाणू आत पोचतो. आत गेल्यावर तो मज्जापेशींना सहसा शिवत नाही. मेंदूतील भक्षकपेशींत ठाण मांडतो. या पेशींतून बाहेर पडणारी विषारी द्रव्ये शेजारच्या मज्जापेशींना दुबळ्या करतात.

या विषाणूचा आनुवंशिक मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा आहे. त्याची नक्कल करताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय विषाणूजवळ नसते. त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरात विषाणूचे अनेक भेद नांदतात. मेंदूतील भक्षकपेशींवर सीडी-४ हे ग्राहक प्रथिन अल्प असते. तेव्हा थोडक्या आधारावरही चिकटू शकणारे भेद तेथे टिकतात, आणि कालांतराने मेंदूतील विषाणू रक्तातील विषाणूहून निराळा होतो.

भारतात प्रामुख्याने 'सी' उपप्रकार आढळतो, तर अमेरिका व पश्चिम युरोपात 'बी'. विषाणूच्या 'टॅट' नावाच्या प्रथिनात ३१ व्या जागी 'बी'मध्ये सिस्टीन असते; भारतीय 'सी'मध्ये तेथे बहुधा सेरीन आढळते. एवढ्या बदलास आनुवंशिक मजकुरातील एक अक्षर पालटणे पुरेसे आहे. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले की, या बदलामुळे पांढऱ्या पेशींना आकर्षून घेण्याची टॅटची शक्ती घटते. भारतात तीव्र स्मृतिभ्रंशाचे रुग्ण तुलनेने कमी आढळले होते. त्याचे एक संभाव्य कारण येथे सापडले.

तथापि, यावरून आपला विषाणू सौम्य आहे असा समज करून घेणे घातक ठरेल. आफ्रिकेच्या दक्षिण भागातही 'सी'च आहे. पण तेथील विषाणूंत ते सिस्टीन अधिक प्रमाणात आढळते, आणि प्रयोगांत त्यांनी मेंदूस अधिक इजा केली. शिवाय भारतीय रुग्णांची बारकाईने चाचणी घेतली असता विस्मरण व विचारातील मंदपणा यांसारखे सौम्य दोष बऱ्याच जणांत आढळले. हिशेब चुकणे, बोलता बोलता धागा सुटणे, ही त्याची साधी रूपे. आणि ज्याला विसर पडतो तो गोळ्याही विसरतो. मात्रा चुकल्या की औषधांना न जुमानणारे भेद बळावतात.

१९९६ पासून संयुक्त औषधोपचार रूढ झाले व तीव्र स्मृतिभ्रंश बराच घटला. भारतात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून विनामूल्य दिली जाऊ लागली. क्वचित रक्तातील विषाणू आटोक्यात असूनही मेंदूत तो वाढत राहतो. अशी शंका आल्यास पाठीच्या कण्यातील पाणी तपासतात, आणि त्यात आढळलेल्या भेदानुसार औषधे बदलतात.