लॅपटॉपच्या चार्जरची तुटलेली वायर : दुरुस्ती व तिच्यावर आधारित पाठ

सोलापूर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत फळा व खडू यांच्या जोडीला आता लॅपटॉप हे साधन आले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिकविताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलांना पाठ व कविता ऐकण्या-पाहण्याची सोय करून दिली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा खेड्यातील शाळेत अशा साधनाने काय घडू शकते, हे साऱ्या जगाला दिसले. तथापि साधन कितीही मोठे असले, तरी त्याचा प्राण पुष्कळदा लहानशा वस्तूत अडकलेला असतो. चार्जरची वायर दोन बोटे लांबीच्या जागी तुटते आणि शाळेचा एकुलता एक लॅपटॉप कपाटात जाऊन बसतो. तालुक्याच्या गावी जाणे लांबत जाते आणि तेवढे दिवस मुलांचे पाठ बुडतात.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. एक, काहीच न करता वस्तू टाकून देणे. दुसरी, तुटल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून काम भागविणे. पहिल्या चुकीने पैसा वाया जातो, दुसरीने अपघात ओढवतो. कोणती दुरुस्ती घरी करण्याजोगी आहे व कोणती नाही, हे ओळखता आले म्हणजे दोन्ही टळतात.

चार्जरचे तीन भाग

चार्जरचे तीन भाग निरनिराळे समजून घ्यावेत. भिंतीतील प्लगपासून मधल्या ठोकळ्यापर्यंत जाणारी जाड वायर हा पहिला भाग. तीत २३० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती वीज असते व ती प्राणघातक आहे. मधला ठोकळा, ज्यास अडॅप्टर म्हणतात, तो दुसरा भाग. तो हा दाब उतरवून सुमारे १९ व्होल्टची दिष्ट वीज तयार करतो. ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंत जाणारी बारीक वायर हा तिसरा भाग.

घरी दुरुस्ती करावयाची ती फक्त या तिसऱ्या भागाची. पहिला भाग तुटल्यास सांधू नये. ती वायर बहुधा ठोकळ्यातून उपसून काढता येते, म्हणून तशीच नवी आणून लावावी. ठोकळा तर मुळीच उघडू नये. त्यातील संधारित्रात तीनशे व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहू शकते.

ज्या लॅपटॉपचा चार्जर मोबाईलप्रमाणे टाइप-सी पिनेचा असतो, त्याच्या वायरीत अनेक बारीक तारा असतात व काहींच्या पिनेत लहानशी चिपही असते. ती वायरही सांधू नये. सुटी निघत असल्यास त्याच क्षमतेची नवी आणावी.

बिघाड का व कोठे होतो

बारीक वायर मध्यभागी सहसा तुटत नाही. जेथे ती पिनेत शिरते किंवा ठोकळ्यातून बाहेर पडते, तेथे तुटते. कारण मऊ वायर व कठीण भाग यांच्या संधीवरच सारा बाक पडतो. वायरीत तांब्याच्या पुष्कळ बारीक तारा असतात. वारंवार वाकल्याने त्या एकेक करून तुटतात आणि उरलेल्या थोड्या तारांवर सर्व विद्युतधारेचा भार येतो. बाहेरचे आवरण अनेकदा शाबूत दिसते. म्हणूनच वायर एका विशिष्ट कोनात धरली असता लॅपटॉप चार्ज होतो व सोडली की थांबतो.

हा प्रकार केवळ गैरसोयीचा नाही. त्या जागी रोध अर्धा ओहम इतका झाला व धारा ३ अँपिअर असली, तर तेथे ३ × ३ × ०.५ म्हणजे ४.५ वॅट उष्णता निर्माण होते. डाख देण्याचे लहान विजेचे हत्यार सुमारे २५ वॅटचे असते. त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याची उष्णता बोटभर जागेत सतत साचत राहिली, तर आवरण वितळणारच. वायरीचा एखादा भाग हाताला गरम लागला अथवा जळका वास आला, तर चार्जर त्याच क्षणी बंद करावा.

सांध्याची तीन कामे

सोलापूर हे मागांचे शहर. ताण्याचा धागा तुटला की विणकर त्याला गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू लागतो. धाग्याच्या गाठीला एकच काम असते : ताण सहन करणे. विजेच्या वायरीच्या सांध्याला मात्र तीन कामे करावी लागतात. त्याने ताण सहन केला पाहिजे, विजेला विनाअडथळा वाट दिली पाहिजे आणि जाणारी व येणारी वाट एकमेकींपासून अलग ठेवली पाहिजे. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळल्याने यांपैकी एकही काम नीट होत नाही. शिवाय सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उष्म्यात पट्टीचा गोंद पाझरतो, पट्टी सरकते व तारा उघड्या पडतात.

दुरुस्तीची कृती

साहित्य : धारदार चाकू, पक्कड, मल्टीमीटर, डाख देण्याचे विजेचे हत्यार, डाखाची तार, आणि तापविल्यावर आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. या नळ्या विजेच्या सामानाच्या दुकानात हीट श्रिंक नळी या नावाने मिळतात. एक बारीक व एक जाड अशा दोन घ्याव्यात.

प्रथम चार्जर भिंतीतून व लॅपटॉपमधून काढून काही मिनिटे तसाच ठेवावा. नंतर तुटका भाग दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर सोडून कापून टाकावा. काळवंडलेल्या तांब्यावर डाख बसत नाही, म्हणून लखलखीत तांबे दिसेपर्यंत कापावे. वायर पिनेच्या अगदी मुळाशी तुटली असेल, तर जुनी पिन दुकानात नेऊन बाहेरचा व आतला असे दोन्ही व्यास जुळणारी, वायरीसकट मिळणारी नवी पिन आणावी. ठोकळ्याच्या बाजूला बाहेर पाच सेंटिमीटर तरी निरोगी वायर उरत नसेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून नवा अडॅप्टर घ्यावा. त्याचा व्होल्टचा आकडा जुन्याइतकाच असावा, अँपिअरचा आकडा तितकाच किंवा अधिक असावा, आणि त्याची पिनही लॅपटॉपला जुळणारी असावी.

आवरण सोलल्यावर आत बहुधा असे दिसते : बाहेरून तारांची जाळी, तिच्या आत प्लॅस्टिकचे वेष्टन व त्याच्या आत मधल्या तारांचा जुडगा. काही चार्जरांत तिसरी बारीक तार असते. तिच्याद्वारे लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ती सुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही, असा अनुभव येतो. म्हणून तीही जोडावी.

तारा जोडण्यापूर्वीच जाड नळी वायरीवर व बारीक नळी आतल्या तारेवर ओवून ठेवावी. सांधा झाल्यावर ती ओवता येत नाही, आणि घाईत हीच गोष्ट विसरली जाते. मग मधल्या तारा मधल्या तारांशी घट्ट पिळून त्यांना डाख द्यावा. तांबे पुरेसे तापले म्हणजे डाख आपोआप पसरतो. त्यावर बारीक नळी सरकवून आवळावी. त्यानंतर जाळीच्या तारा एका बाजूस गोळा करून, पिळून, त्यांना डाख द्यावा. दोन सांधे समोरासमोर न येता मागेपुढे यावेत. शेवटी जाड नळी सर्वांवर घेऊन आवळावी. तिची टोके दोन्ही बाजूंच्या मूळ आवरणावर चांगली बसली, म्हणजे ताण सांध्यावर न येता आवरणावर येतो.

डाखात शिसे असू शकते. म्हणून काम खिडकीजवळ करावे, धूर नाकात जाऊ देऊ नये व काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

लॅपटॉपला लावण्यापूर्वी

सांधा पूर्ण झाला, तरी पिन लगेच लॅपटॉपला लावू नये. धन व ऋण टोके उलटी जोडली गेली असल्यास लॅपटॉपच कायमचा बिघडू शकतो. अडॅप्टरच्या पट्टीवर मध्यभागी एक ठिपका व त्याभोवती अर्धवर्तुळ असे चिन्ह असते. ठिपक्याकडे अधिक चिन्ह असेल, तर पिनेचा आतला भाग धन होय. मल्टीमीटर दिष्ट दाबाच्या योग्य पट्टीवर ठेवून त्याचे लाल टोक पिनेच्या आत व काळे बाहेरच्या कडेवर टेकवावे. पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या जवळपासचा आकडा दिसला पाहिजे. आकड्यामागे उणे चिन्ह आले, तर जोडणी उलटी आहे असे समजावे. वायर हलविताना आकडा खालीवर होत असेल, तर सांधा कच्चा आहे. दोन्ही बाबतींत तो पुन्हा करावा.

त्यानंतर लॅपटॉप लावून पंधरा मिनिटांनी सांध्यास हात लावून पाहावा. तो वायरीच्या इतर भागापेक्षा गरम लागता कामा नये.

शाळेच्या वस्तूबाबत

शाळेचा लॅपटॉप जडवस्तू संग्रह नोंदवहीतील वस्तू आहे. म्हणून हमीची मुदत शिल्लक आहे काय, हे आधी पाहावे. ती असल्यास दुरुस्ती पुरवठादाराकडूनच करवून घ्यावी. नसल्यास मुख्याध्यापकांच्या संमतीने काम करावे व दुरुस्तीची तारीख लिहून ठेवावी. ज्यास डाख देण्याचा सराव नाही, त्याने प्रथम टाकाऊ वायरीवर हात बसवावा, किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून सांधा करून घ्यावा. तरीही वर सांगितलेली तपासणी स्वतः करावी.

वर्गातील उपयोग

विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष दुरुस्ती करावयाची नाही. चार्जरच्या वायरीला हात घालू नये, हेच त्यांना प्रथम सांगावे, आणि १९ व्होल्ट व २३० व्होल्ट यांतील अंतरही समजावून द्यावे. परंतु या प्रसंगातून दोन चांगले पाठ घेता येतात.

पहिला गणिताचा. अडॅप्टरवर १९ व्होल्ट व ३.४२ अँपिअर असे छापलेले असल्यास मुलांनी गुणाकार करावा. उत्तर ६४.९८ येते, आणि अशा चार्जरला ६५ वॅटचा का म्हणतात, हे त्यांना आपणहून उमगते. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकाराला याहून जिवंत उदाहरण शोधावे लागत नाही.

दुसरा विज्ञानाचा. कशालाही न जोडलेल्या टाकाऊ वायरीतून तांब्याच्या सारख्या लांबीच्या बारीक तारा काढून मुलांच्या गटांना द्याव्यात. एका गटाने तार एकाच जागी काटकोनात मागेपुढे वाकवावी व ती किती वेळा वाकविल्यावर तुटते, ते मोजावे. दुसऱ्या गटाने तशीच तार पेन्सिलीच्या गोलाईवर वाकवून मोजावे. प्रत्येक गटाने पाच तारांची सरासरी काढून दोन्ही संख्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहाव्यात.

त्या दोन संख्यांतून मुलांना वायर सांभाळण्याचा नियमही सापडतो. मग ती ठोकळ्याभोवती आवळून न गुंडाळता सैल वेटोळी करून ठेवावी, प्लग काढताना वायर न ओढता पिन धरावी, वायर जाण्यायेण्याच्या वाटेत पसरू नये आणि कपाटात उंदरांपासून जपावी, हे त्यांना पुन्हा पुन्हा बजावावे लागत नाही. ज्या मुलाने तार स्वतःच्या हाताने तुटताना पाहिली, ते मूल शाळेची वायर आपणहून जपते.