कोजागिरीच्या बेताविषयी

मोरकम, लँकेशायर
आश्विन शुद्ध दशमी

चिरंजीव निशांतास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दसरा. आपटा या मुलखात मिळत नाही, तेव्हा सोने पत्रातूनच घे, आणि सणावारी आत्या रागे भरली म्हणून मन खट्टू करून घेऊ नकोस. परंतु काल संध्याकाळी मीनूच्या पूर्वाने आपल्या मोबाइलवर तुझे जे छायाचित्र मला मोठ्या कौतुकाने दाखवले, ते पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू आणि तुझे मित्र विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या वाळूत उभे आहात, सगळे हसत आहात, आणि तुमच्या पाठीमागे मिडलँड हॉटेल काडेपेटीएवढे दिसते आहे. ते पांढरे हॉटेल मी भाजी आणायला जाताना रोज पाहते. ते एवढेसे दिसण्यासाठी माणसाला किनारा सोडून किती आत जावे लागते, हे मला मोजपट्टीवाचून समजते.

त्यावर पूर्वाने निरागसपणे आणखी सांगितले की, येत्या कोजागिरीला तुमच्या विद्यापीठातली मराठी मंडळी तिथेच जमणार, चांदण्यात वाळूवर बसून मसाला दूध पिणार, आणि या बेताचा सूत्रधार तू आहेस. हे ऐकीव आहे, खरे असेल किंवा नसेल. खरे नसेल तर पुढचे सारे पत्र एका भित्र्या म्हातारीची बडबड समजून फाडून टाक.

खरे असेल तर मात्र ऐक. गुहागरात वाढलेल्या मुलाला पौर्णिमेचे उधाण म्हणजे काय हे मी शिकवावे, अशी वेळ यावी याचेच मला नवल वाटते. त्यातही आश्विनातली पौर्णिमा विषुवदिनाच्या आगेमागे येते, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्या त्याच सुमाराच्या. मुंबईत साडेचार मीटरची भरती येणार म्हटले की वर्तमानपत्रे इशारे छापतात. इथे मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरपर्यंत चढते. शिवाय या उपसागराची एक रीत अशी की, पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती नेहमी दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आसपास भरते. म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहाला याल तेव्हा समुद्र क्षितिजापलीकडे गेलेला असेल, मैलोगणती वाळू उघडी पडलेली असेल, चंद्र वर येईल, गाणी होतील, आणि दूध आटत येईल त्या सुमाराला पाणी निघालेले असेल.

तू म्हणशील, पाणी दिसले की उठून परत येऊ, आणि मी पोहणारा आहे. नेमके हेच वाक्य आपल्या घरात पूर्वी कोणी म्हटले होते ते तुला ठाऊक आहे. बापूकाकांविषयी मी इथे काही लिहीत नाही. दादा अजूनही खाडीच्या बाजूच्या खिडकीत बसत नाही, एवढे तू लहानपणापासून पाहिलेले आहेस.

आपल्या पुळणीवर समुद्र समोरून येतो, लाटा घेऊन येतो, गाजावाजा करून येतो, त्यामुळे माणसाला मागे सरण्याची सवड मिळते. इथला समुद्र तसा येत नाही. तीनशे चौरस किलोमीटरांवर पसरलेली ही सपाट वाळू वरून अखंड दिसली तरी तिच्यात केंट, कीअर, लेव्हन या नद्यांच्या वाटा आणि अगणित घळी आहेत. भरतीचे पाणी प्रथम या घळींतून चढते, तुम्ही बसला आहात तो उंचवटा कोरडाच असतो, आणि तुम्ही परतायला वळता तेव्हा तुमच्या व किनाऱ्याच्या मधली घळ, जी येताना घोट्याएवढी होती, ती छातीएवढी होऊन धावत असते. नद्या आपली पात्रे बदलतात, त्यामुळे गेल्या महिन्यातली वाट या महिन्यात भरवशाची नसते, आणि तुझ्या मोबाइलातल्या नकाशाला तर तिची खबरही नसते. पाणी ओसरलेल्या जागी वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली पातळ असते. तीत पाय गेला की जितके ओढावे तितका तो आवळला जातो. इथल्या जीवरक्षक संस्थेने 2002 पासून हवेच्या गादीवर चालणारे हॉवरक्राफ्ट ठेवले आहे ते हौसेसाठी नव्हे. या वाळूवर नाव चालत नाही आणि मोटारही चालत नाही, म्हणून ठेवले आहे.

2004 सालची गोष्ट तू ऐकली नसशील, तुझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. फेब्रुवारीच्या 5 तारखेच्या रात्री हेस्ट बँकेच्या बाजूला, तुमच्या विद्यापीठापासून काही मैलांवर, शिंपल्या वेचायला आणलेले चिनी मजूर भरतीत सापडले. तेवीस माणसे गेली. बहुतेक फूजियान प्रांताची, कर्ज काढून आलेली, इंग्रजी न जाणणारी, आणि ज्याने त्यांना तिथे कामाला लावले त्याला भरतीची वेळ पाहण्याचे अगत्य नव्हते. त्याला पुढे 2006 मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली, आणि मजुरांच्या मुकादमांना परवान्याची सक्ती करणारा कायदाही त्या दुर्घटनेनंतरच संमत झाला. त्या रात्री हेलिकॉप्टरे आमच्या छपरावरून घिरट्या घालीत होती आणि तुझे आतोबा व मी स्वयंपाकघरात दिवा लावून नुसते बसून होतो. त्यांच्यापैकी एकाने छातीपर्यंत पाणी आले असताना चीनमध्ये आपल्या घरी दूरध्वनी केला होता, हे पुढे वर्तमानपत्रात आले. मोबाइल खिशात आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

तू पूर्वाजवळ असेही म्हणालास म्हणे, की या गावात पाहण्यासारखे काहीच नाही, म्हणून आम्ही वाळूवर जातो. हे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मोरकम हे आपले वैभव खर्चून बसलेले गाव आहे. रेल्वे आल्यावर ब्रॅडफर्ड-लीड्सच्या गिरण्यांतली माणसे वर्षाची एक सुटी इथे घालवीत, आणि निवृत्त झाली की इथेच येऊन राहत. पुढे लोकांना स्वस्तात स्पेनचे ऊन मिळू लागले, आणि या वाऱ्यात कुडकुडण्याचे त्यांना कारण उरले नाही. दोन लाकडी धक्के होते; एक 1977 च्या वादळाने नेला, दुसरा 1992 मध्ये पाडला. 1936 चा भव्य जलतरण तलाव बंद झाला, 1897 चे विंटर गार्डन्स नाट्यगृहही 1977 मध्ये बंद पडले आणि आता हौशी मंडळी स्वकष्टाने ते सावरीत आहेत. 1994 मध्ये दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमाच्या नावाने करमणुकीचे उद्यान उघडले, ते तेरा आठवड्यांत गुंडाळले. आता घुमटांखाली मोठे उद्यान उभे करायचे घाटते आहे, 2023 साली सरकारने त्यासाठी पाच कोटी पौंडही मंजूर केले. ते उभे राहिले की मी पाहीन, तोवर बोलणार नाही. पश्चिम भागातल्या जुन्या खाणावळींच्या खोल्या करून गरिबांना भाड्याने दिल्या आहेत, तिथल्या भिंतींना रंग नाही, आणि संध्याकाळी तिथे फिरताना पाहुण्याला उदास वाटते हे मला मान्य आहे.

पण तू पाहिलेस काय? मिडलँड हॉटेलात कधी शिरलास का? 1933 साली ऑलिव्हर हिलने बांधलेल्या त्या वास्तूत एरिक गिलचे मोठे शिल्प आहे, समुद्रातून किनाऱ्याला लागलेल्या ओडिसियसचे स्वागत करणाऱ्या नॉसिकाचे. दारातून आत जाऊन ते पाहायला कोणी पैसे मागत नाही. समुद्रमार्गावर एरिक मोरकमचा पुतळा आहे. हा विनोदी नट जन्माने बार्थोलोम्यू, पण त्याने गावाचे नावच आडनाव म्हणून घेतले, आणि 1999 मध्ये खुद्द राणीने येऊन त्याचा पुतळा उघडला. एक पाय उचलून नाचण्याच्या पवित्र्यात, गळ्यात दुर्बीण. त्याला पक्ष्यांचे वेड होते आणि या किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्ष्यांचे जे थवेच्या थवे उतरतात ते पाहिले म्हणजे त्या वेडाचे नवल वाटत नाही. दगडी धक्क्याच्या टोकाला उभा राहिलास तर उपसागरापलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे सगळे डोंगर ओळीने दिसतात, अर्थात पाऊस नसेल तर. आणि पाऊस बहुधा असतोच. चिप्स खायच्या तर पाठ भिंतीला लावून खा, इथल्या समुद्रपक्ष्यांना लाज नाही. लोण्यात मुरवलेली बारीक कोळंबी इथली खासियत आहे. तुझ्या आतोबांना ती फार आवडे. मला नाही आवडली कधी, जायफळाचा वास आणि कोळंबी हे माझ्या जिभेला पटत नाही.

गावाची लाज तुला वाटते तशी मलाही वाटत असे, तुझ्याहून जास्त. आई एकदाच इकडे आली. मी रुग्णालयात नोकरीला, पगार बेताचा, पण जिद्द अशी की आईला इंग्लंड दाखवायचे ते चकचकीतच दाखवायचे. म्हणून तिला लंडन दाखवले, विंडरमियरच्या बोटीत बसवले, एडिंबरोचा किल्ला चढवला, तिचे गुडघे दुखत असताना. तिचे एकच मागणे होते, तुझ्या इथला समुद्र जवळून दाखव. मी म्हणत राहिले, आज वारा आहे, आज माझी रात्रपाळी आहे, तिथे आहे काय चिखलाशिवाय. आयुष्य समुद्रकाठी काढलेल्या त्या बाईला, पाणी दिवसातून दोनदा डोळ्यांआड कसे जाते आणि परत कसे येते, हे कठड्याशी बसून पाहायचे होते. तिने ते बसच्या खिडकीतून पाहिले आणि गुहागरला परत गेली. तुझ्या आजीने तुला लंडनच्या गोष्टी सांगितल्या असतील. मोरकमची एकही सांगितली नसेल.

आणि वाळूवरून चालायचेच असेल तर त्याचीही रीतसर वाट आहे, तीही जुनी. 1857 मध्ये पलीकडचा लोहमार्ग होईपर्यंत लँकेस्टरहून अल्व्हरस्टनला घोडागाड्या या वाळूवरूनच जात, आणि त्यात किती बुडाले त्यांच्या नोंदी पलीकडच्या चर्चच्या दप्तरात आहेत. म्हणून सोळाव्या शतकापासून राजाच्या सनदेने वाटाड्याची नेमणूक होत आली. सेड्रिक रॉबिन्सन हे 1963 पासून 2019 पर्यंत त्या पदावर होते; तनखा सालीना पंधरा पौंड आणि राहायला घर. आधी जाऊन ते नदीचे पात्र काठीने चाचपीत, सुरक्षित वाटेवर लॉरेलच्या डहाळ्या रोवीत, आणि मग शेकडो माणसांना आर्नसाइडहून केंट्स बँकेपर्यंत घेऊन जात. छपन्न वर्षे रोजचा संबंध असलेला तो माणूस वाळूवर उतरण्याआधी पुन्हा तपासून येई, आणि तुम्ही सणाच्या रात्री पातेले घेऊन निघालात! माझ्या वॉर्डातल्या मुली त्यांच्याबरोबर एका उन्हाळ्यात चालून आल्या, मलाही चल म्हणाल्या. मी देशात जाण्यासाठी रजा साठवीत होते, गेले नाही. आता गुडघे आईचेच मिळाले आहेत.

तेव्हा रागावलास तरी चालेल, पण कोजागिरीला वाळूवर जायचे नाही. कठड्याच्या आतल्या बाजूला जितके जागायचे तितके जागा. नाहीतर असे कर, सगळ्यांना घेऊन माझ्याकडेच ये. लँकेस्टरहून गाडीला दहा मिनिटे लागतात. माझ्या वरच्या खोलीतून चंद्र आणि पाणी दोन्ही दिसते, रात्री बाराला पाणी थेट समुद्रमार्गाच्या भिंतीशी येऊन आपटते, ते तुम्ही खिडकीत उभे राहून पाहा. दूध मी आटवीन, केशर गेल्या खेपेस वहिनींनी दिलेले तसेच आहे. किती जण येणार ते मात्र आधी कळव, माझ्याकडे पेले सहाच आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात वाटाड्याबरोबरच्या चालीत तुझे नाव नोंदवते, पैसे मी भरते. मी केंट्स बँकेच्या स्टेशनावर बाकावर बसून राहीन, कोरडे मोजे आणि डबा घेऊन. तू गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटून ये, मी काही बोलणार नाही.

दादाला छायाचित्राचे कळलेले नाही. पूर्वालाही मी बजावले आहे. त्याला कळवायचेच झाले तर हॉटेल मोठे दिसेल असे एखादे नवे छायाचित्र काढून पाठव.

तुझी,
आत्या

ता. क. खोकला गेला का? मागच्या वेळी तुझा मफलर इथेच राहिला, तो धुऊन ठेवला आहे.