जिन्याला खुर्ची बसवायची, तर खर्च किती?

गुडघे किंवा कंबर साथ देईनाशी झाली की दुमजली घरातल्या ज्येष्ठांचं वर जाणं थांबतं. मग स्टेअरलिफ्टची, म्हणजे रुळावरून जिना चढणाऱ्या खुर्चीची, चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न असतो, ‘खुर्ची कितीला?’ खरं तर खुर्च्यांमध्ये फारसा फरक नसतो. किंमत ठरते ती जिन्याच्या आकारावरून.

सरळ जिना
एका रेषेत चढणारा जिना असेल, तर साधारण दोन ते साडेतीन लाख रुपये धरा. रूळ जागेवरच लांबीनुसार कापतात आणि काम बहुधा एका दिवसात उरकतं. घर बदललं, तर नवा जिनाही सरळ असल्यास खुर्ची तिथे हलवता येते.

वळणाचा जिना
आपल्याकडच्या बहुतेक रो-हाउसमध्ये जिना मधल्या लँडिंगवर उलटा वळतो. त्यासाठी रूळ मापानुसार वाकवून घडवावा लागतो. तो बऱ्याचदा परदेशातून येतो, म्हणून काही आठवडे थांबावं लागतं. खर्च सहा लाखांपासून दहा-बारा लाखांपर्यंत जातो. हा रूळ दुसऱ्या जिन्याला बसत नाही, त्यामुळे विकायला गेलं तर फारसं काही हाती येत नाही.

मधला मार्गही आहे. दोन सरळ रूळ, दोन खुर्च्या आणि लँडिंगवर बदली. पैसे वाचतात, पण उठून दोन-चार पावलं चालता येत असेल तरच हे जमतं.

आधी काय पाहायचं?
- जिन्याची रुंदी. ती अडीच फुटांहून कमी असेल, तर बहुतेक मॉडेलं अडचणीची ठरतात. खुर्ची मिटल्यावर इतरांना चढायला किती जागा उरते, तेही मोजा.
- रूळ भिंतीला नव्हे, पायऱ्यांना ठोकतात. ग्रॅनाइट किंवा संगमरवर तडकला तर भरपाई कोणाची, हे आधीच लिहून घ्या.
- पहिल्या पायरीपाशी दार असेल, तर रुळाचं टोक आड येतं. दुमडणाऱ्या टोकाचे पैसे वेगळे पडतात.
- वजनाची मर्यादा. ती बहुधा १२० ते १४० किलो असते.
- वरच्या मजल्यावर खुर्ची फिरून प्रवाशाची पाठ जिन्याकडे झाली पाहिजे. उतरताना तोल जाण्याचा धोका तिथेच असतो.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च
खुर्ची बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. पण ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. तिची आजची किंमत, जीएसटी, वाहतूक, प्लगपॉइंटचं काम आणि वॉरंटीनंतरची एएमसी, सगळं कोटेशनमध्ये मांडून मागा. तंत्रज्ञ तुमच्या शहरातला आहे का, हेही विचारा. बिघाड झाल्यावर माणूस मुंबईहून येणार असेल, तर खुर्ची दोन-दोन दिवस बंद राहील.

सोसायटीचा जिना
सामायिक जिन्यात सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. आगीच्या वेळी तीच सुटकेची वाट असते, त्यामुळे रुंदीचा आक्षेप रास्त ठरू शकतो.

कोणासाठी नाही?
ज्यांना व्हीलचेअरवरून खुर्चीत सरकता येत नाही, पाठ टेकून बसता येत नाही किंवा स्मृतिभ्रंशामुळे मध्येच उठण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी हा खर्च वाया जाईल. अशा वेळी झोपण्याची खोली आणि शौचालय तळमजल्यावर आणणं बहुधा स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही. घरगुती लिफ्टचा विचार असेल, तर दहा लाखांच्या आसपासची तयारी ठेवा. चढता येतं पण आधार लागतो, एवढंच असेल, तर दोन्ही बाजूंनी पकडायला कठडा लावा. ते काम काही हजारांत होतं.

ऑर्डर देण्यापूर्वी ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची, त्यांनाच शोरूममध्ये नेऊन बसवा. पट्टा, बटण आणि वरचं वळण त्यांना स्वतः हाताळता आलं, तरच पैसे भरा.